लिबरेटर विमानांचा जीर्णोद्धार आणि मूळ पाठाचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामातील बापूकुटी माती, बांबू आणि कवेलू यांनी बांधलेली आहे. अशा बांधकामाच्या भिंतींना वेळोवेळी लिंपण द्यावे लागते, किडलेला बांबू बदलावा लागतो, फुटलेली कवेलू काढून त्या जागी नवी बसवावी लागतात. गांधीजींच्या वास्तव्याच्या काळातील मातीचा किती अंश आज त्या भिंतींत उरला आहे, असा हिशेब कोणी मांडू लागल्यास तो फार थोडा भरेल. तथापि ही बापूकुटी नव्हे, असे कोणीही म्हणत नाही. तिची ओळख तिच्या द्रव्यात नसून अखंड चालत आलेल्या सांभाळात आहे.

भाषेच्या अभ्यासकास ही गोष्ट अपरिचित नाही. ‘हस्त’, ‘हत्थ’, ‘हात’ या परंपरेत मूळ शब्दाच्या ध्वनींपैकी बहुतेक बदलले. परंतु एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या तोंडून तो शब्द उचलला आणि ही साखळी कोठेही तुटली नाही, म्हणून शब्द एकच राहिला असे आपण मानतो. जेथे साखळी तुटते तेथे मात्र प्रश्न उभा राहतो. मध्यंतरी टाकून दिलेली, मोडलेली, विस्मृत झालेली वस्तू पुन्हा ‘जशी होती तशी’ करावयाची म्हणजे नेमकी कशी करावयाची? ‘जशी होती’ यातील काळ कोणता?

हा प्रश्न पाठचिकित्सेत नित्याचा आहे. तोच प्रश्न जुन्या लढाऊ विमानांचा जीर्णोद्धार करणाऱ्या अभियंत्यांपुढे आणि त्यांच्या साहाय्यास येणाऱ्या स्वयंसेवकांपुढे आज वेगळ्या रूपाने उभा आहे. त्याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. ज्या पुण्यात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती, त्याच पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून त्याच काळात बी-२४ लिबरेटर जातीची विमाने उडत होती. त्या विमानांचे पुढे काय झाले हे पाहू गेल्यास पाठनिश्चितीचे सर्व प्रश्न एका मूर्त वस्तूच्या आधारे स्पष्ट होतात.

२. संज्ञांचा विचार

या विषयात चार क्रियांची गल्लत होते, यास्तव त्या प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिली क्रिया दुरुस्तीची. वस्तू पुन्हा कामास यावी एवढाच तिचा हेतू असतो. जुना भाग राहिला काय किंवा नवा आला काय, दुरुस्ती करणारास त्याची फिकीर नसते. दुसरी क्रिया जतनाची. येथे आहे ती अवस्था टिकविणे, क्षय थांबविणे आणि स्वतःकडून काहीही न घालणे हा नियम असतो. तिसरी क्रिया जीर्णोद्धाराची, म्हणजे वस्तू तिच्या एखाद्या पूर्वावस्थेस नेण्याची. चौथी क्रिया प्रतिकृतीची. तीत रूप जुने असते, परंतु द्रव्य सर्वस्वी नवे असते.

यांपैकी ‘जीर्णोद्धार’ हा शब्द मराठीत देवालयांच्या व्यवहारातून आला आहे, आणि त्याबरोबर एक विशिष्ट दृष्टीही आली आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली काशीविश्वेश्वराचे मंदिर बांधविले, त्यास परंपरा जीर्णोद्धारच म्हणते. वस्तुतः ती नवी इमारत होती. देवालयाच्या जीर्णोद्धारात पूजा पुन्हा सुरू होणे हे साध्य असते, जुना दगड हे साध्य नसते. संग्रहालयाच्या व्यवहारात हा क्रम उलटा होतो. तेथे जुना दगड हाच पुरावा असतो. विमानाच्या बाबतीत या दोन दृष्टी एकमेकींस भिडतात. विमान उडणे ही त्याची ‘पूजा’ होय, आणि उडविण्यासाठी पुराव्याचा काही भाग खर्ची घालावाच लागतो.

३. कानपूर ते लोहगाव

लिबरेटर हे अमेरिकेत तयार झालेले चार इंजिनांचे दूरपल्ल्याचे बाँबफेकी विमान. दुसऱ्या महायुद्धात या जातीची १८,००० हून अधिक विमाने बांधली गेली. त्यांपैकी बरीच ‘उधार-पट्टा’ कराराने ब्रिटिश हवाईदलास मिळाली आणि ब्रह्मदेशाच्या व आग्नेय आशियाच्या मोहिमांत वापरली गेली. करारान्वये युद्ध संपल्यावर ही विमाने परत करावयाची, विकत घ्यावयाची अथवा निकामी करावयाची होती. कानपूरच्या चकेरी विमानतळावर जमा झालेल्या लिबरेटरांच्या वाट्यास तिसरा मार्ग आला. उपकरणे फोडून, पत्र्यांस भोके पाडून, इंजिनांत वाळू घालून ती पुन्हा उडू नयेत अशी व्यवस्था करण्यात आली, आणि विमाने तेथेच उघड्यावर टाकून ब्रिटिश हवाईदल निघून गेले.

स्वातंत्र्यानंतर भारतापाशी अवजड बाँबफेकी विमान एकही नव्हते. १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीकडे चकेरीच्या या सांगाड्यांतून विमाने उभी करण्याचे काम आले. ही कंपनी १९४० साली सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगलोर येथे स्थापन केली होती. निरनिराळ्या सांगाड्यांतून सुटे भाग जमवून, एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढीत, विमान कसेबसे उडण्याजोगे करावयाचे. मग ते बंगलोरास नेऊन तेथे त्याची संपूर्ण उस्तवारी करावयाची, अशी पद्धत ठरली. कानपूरहून बंगलोरपर्यंत ही अर्धवट दुरुस्त विमाने नेण्याचे जोखमीचे काम कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद कैकोबाद मुनशी यांनी केले. अशा रीतीने चाळीसच्या आसपास लिबरेटर विमाने भारतीय वायुसेनेस मिळाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये पाचव्या तुकडीची उभारणी याच विमानांवर झाली. पुढे १९५१ पासून सहाव्या तुकडीने पुण्याहून समुद्रावरील दूरच्या टेहळणीसाठी ती वापरली. १९६८ च्या अखेरीस ती सेवेतून निवृत्त झाली. ज्या विमानांचा युद्धातील उपयोग दोन वर्षेही झाला नव्हता, ती मोडून टाकल्यानंतर वीस वर्षे उडत राहिली.

कानपूर-बंगलोरचे हे कार्य वरील वर्गीकरणात कोठे बसते? ते उघडपणे दुरुस्तीचे कार्य होते. वापरास योग्य विमान पाहिजे होते; कोणता पंख कोणत्या विमानाचा, हा प्रश्न तेव्हा कोणास महत्त्वाचा वाटण्याचे कारण नव्हते. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलावयाचे तर या प्रती ‘संकीर्ण’ झाल्या. अनेक आदर्शांवरून एकच पोथी लिहावी तसे झाले. परंतु याच संकीर्णतेमुळे त्या वाचल्या. अमेरिकेतील व इंग्लंडातील शेकडो लिबरेटर युद्धानंतर भट्टीत वितळविली गेली. आज जगात जी मोजकी पूर्ण लिबरेटर विमाने शिल्लक आहेत, त्यांतील मोठा वाटा भारतीय वायुसेनेच्या विमानांचा आहे. मूळ घरी वंश बुडाला आणि दूरच्या शाखेने पोथी राखली, असा प्रकार ग्रंथांच्या इतिहासात जसा वारंवार आढळतो, तसाच तो येथेही घडला.

४. पाच प्रती, पाच पाठ

निवृत्तीच्या सुमारास व त्यानंतर ही विमाने निरनिराळ्या देशांतील संग्रहालयांत गेली. त्यांतील पाच प्रती शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली प्रत दिल्लीच्या पालम येथील वायुसेना संग्रहालयातील. हे संग्रहालय १९६७ साली स्थापन झाले. येथील लिबरेटर भारतीय वायुसेनेच्याच चिन्हांसह उभे आहे. दुसरी प्रत कॅनडाच्या राष्ट्रीय विमानसंग्रहालयातील. ती १९६८ मध्ये एका लायसँडर विमानाच्या बदल्यात दिली गेली आणि तिला कॅनडाच्या हवाईदलाचे रूप देण्यात आले. तिसरी प्रत अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील पीमा संग्रहालयाकडे १९६९ मध्ये गेली. ती इंग्लंडातून लढलेल्या एका अमेरिकन तुकडीच्या विमानाच्या चिन्हांनी नटविलेली आहे. चौथी प्रत १९७४ मध्ये ब्रिटिश हवाईदलाच्या संग्रहालयास मिळाली. तिच्यावर युद्धाच्या अखेरीस ती ज्या ब्रिटिश तुकडीत होती त्या तुकडीची चिन्हे आहेत.

पाचवी प्रत सर्वांत बोधप्रद होय. १९४४ मध्ये टेक्ससमधील फोर्ट वर्थ येथे बांधलेले हे विमान ब्रिटिश हवाईदलातून भारतीय वायुसेनेत आले. १९६८ नंतर ते भारतातच पडून होते. १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने ते विकत घेतले, आणि १९८४ मध्ये ते अमेरिकेतील कॉलिंग्ज प्रतिष्ठानाकडे गेले. तेथे अभियंते, कारागीर आणि मोठ्या संख्येने आलेले स्वयंसेवक यांनी अनेक वर्षे खपून ते १९८९ मध्ये पुन्हा आकाशात नेले. त्यानंतर त्याने तीन नावे धारण केली. प्रथम ‘ऑल अमेरिकन’, नंतर ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’ आणि २००५ पासून ‘विचक्राफ्ट’. ही तिन्ही नावे युद्धकाळातील तीन निराळ्या अमेरिकन विमानांची होत. प्रस्तुत विमान मात्र अमेरिकन तुकडीतून कधीच लढले नव्हते.

या पाच प्रतींची तुलना करताना दोन प्रकार वेगळे ठेवले पाहिजेत. ब्रिटिश संग्रहालयाने विमानास त्याच्याच आयुष्यातील एका पूर्वीच्या थरावर नेले. म्हणजे उत्तरकालीन पाठ बाजूस सारून पूर्वकालीन पाठ स्वीकारला. हा संपादनाचा एक वादग्रस्त, परंतु सप्रमाण निर्णय आहे. वि. का. राजवाडे यांनी एकनाथांच्या संस्करणापलीकडील ज्ञानेश्वरीचा शोध घेत १९०९ साली जी प्रत प्रसिद्ध केली, तीमागे अशीच दृष्टी होती. याउलट पीमा येथील व कॉलिंग्ज प्रतिष्ठानाच्या विमानांवर जो पाठ लिहिला गेला, तो त्या प्रतीत कोणत्याही काळी नव्हता. तो अन्य प्रतींतून उचलून आणलेला आहे. त्यामागील भावना समजण्यासारखी आहे. ज्या विमानांतून सहस्रावधी तरुण गेले आणि परत आले नाहीत, त्या विमानांपैकी एकही उरले नाही. तेव्हा उरलेल्या देहास त्यांचे नाव देऊन स्मृती राखावयाची. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवास ठेवतात, त्यातला हा भाव आहे.

भारतानेही हाच मार्ग एकदा स्वीकारला आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य घेऊन प्रथम उतरलेल्या डाकोटा विमानाचा क्रमांक व्हीपी ९०५ होता. २०१८ मध्ये राजीव चंद्रशेखर यांनी, आपले वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर या डाकोटा-वैमानिकांच्या सन्मानार्थ, ब्रिटनमध्ये जीर्णोद्धार झालेले एक डाकोटा वायुसेनेस भेट दिले. ते ब्रिटनहून उडत भारतात आले. त्याचे नाव ‘परशुराम’ असे ठेवण्यात आले आणि त्यास व्हीपी ९०५ हाच क्रमांक देण्यात आला. विमान निराळे, नाव पूर्वजाचे.

नातवास आजोबांचे नाव देण्यात दोष नाही. दोष तेव्हा उत्पन्न होतो जेव्हा नातू हाच आजोबा आहे असा समज रूढ होतो. लिबरेटरांच्या बाबतीत हानी याहून खोल आहे. नव्या रंगाखाली जे झाकले गेले ते त्या विमानाचे सर्वांत दीर्घ आयुष्य होते. वीस वर्षांची भारतीय सेवा, बंगलोरच्या कारागिरांनी बसविलेले रिव्हेट, लोहगावच्या तंत्रज्ञांनी लावलेली ठिगळे हा सारा मजकूर ‘प्रक्षेप’ ठरून गळला. ज्या शाखेने पोथी राखली, त्या शाखेचेच नाव पुष्पिकेतून पुसले गेले.

५. तारांकित भाग

हा दोष टाळण्याचा उपाय कोणता? त्यासाठी जीर्णोद्धाराचे प्रत्यक्ष काम कसे चालते हे पाहणे अवश्य आहे.

विमानाचा पत्रा ॲल्युमिनियम व तांबे यांच्या मिश्रधातूचा असतो, आणि त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. हा थर फुटून ओल आत शिरली की धातू पापुद्र्यापापुद्र्यांनी फुगतो. वरून रंग शाबूत दिसतो, आतून पत्रा गेलेला असतो. पंखाच्या मुख्य तुळईत वारंवारच्या ताणाने पडणाऱ्या भेगा डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांसाठी भेगेत उतरणारी रंगद्रव्ये आणि क्ष-किरणे यांचा उपयोग करावा लागतो. इंधनाच्या टाक्यांतील रबर कालांतराने ठिसूळ होते. लिबरेटरच्या प्रत्येक इंजिनात सातसातांच्या दोन ओळींत चौदा सिलिंडर असतात. विमान पडून राहिले की त्यांत गंज धरतो. हे इंजिन ज्या घराण्याचे आहे त्याच घराण्यातील इंजिने डाकोटास असत, त्यामुळे त्याची माहिती व सुटे भाग मिळणे पुष्कळ सुलभ होते.

या कामात अभियंता व स्वयंसेवक यांची कार्ये भिन्न असतात. भाग सोडविणे, धुणे, खरवडणे, प्रत्येकास चिठ्ठी बांधून त्याची नोंद करणे, छायाचित्रे घेणे, जुन्या आराखड्यांशी ताडून पाहणे ही चिकाटीची कामे स्वयंसेवक करतात. कोणता भाग उडण्यास योग्य, हा निर्णय परवानाधारक अभियंत्याचा असतो आणि त्याखाली त्याची सही लागते. प्रत्येक भाग कोठून आला, कोणी तपासला, कधी बसविला याची कागदोपत्री परंपरा असल्याशिवाय तो विमानात जाऊ शकत नाही. हस्तलिखितांचा वंशवृक्ष मांडणाऱ्यास ही शिस्त ओळखीची वाटेल. तिच्यातील सर्वांत नाजूक काम रंगाचे आहे. रंगाचे थर पायरीपायरीने घासून उघडे केले असता प्रत्येक मालकाची खूण क्रमाने दिसते. एकदा सारा पत्रा खरवडला की तो पुरावा कायमचा नष्ट होतो.

येथे भाषाशास्त्राचा एक साधा संकेत मार्गदर्शक ठरतो. ज्या रूपाचा लिखित पुरावा नाही, जे केवळ तुलनेने सिद्ध केले आहे, त्यापुढे भाषाशास्त्रज्ञ तारा घालतात. ही प्रथा रूढ करण्याचे श्रेय प्रामुख्याने ऑगस्ट श्लायखर यांस दिले जाते. त्याच श्लायखर यांनी १८६८ साली पुनर्घटित इंडो-युरोपीय भाषेत एक संपूर्ण कथा लिहिली. पुढील अभ्यासकांनी ती पुन्हापुन्हा बदलून लिहिली, कारण पुनर्घटनेचे सिद्धान्त बदलत गेले. तारा लावलेली असल्यामुळे त्यात कोणाची फसवणूक झाली नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारतातही, वि. स. सुखठणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार, जेथे पाठ निःसंशय नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेषा दिली आहे, आणि गाळलेले श्लोक टाकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत जपले आहेत. संपादकाने निवड करावी, परंतु निवडीची खूण ठेवावी आणि नाकारलेले नष्ट करू नये, हे या पद्धतीचे सार होय.

विमानास हा नियम लावणे अशक्य नाही. नव्या भागावर साल व खूण कोरता येते. काढलेला मूळ भाग भट्टीत न टाकता क्रमांक देऊन ठेवता येतो. रंगाच्या जुन्या थरांचा एखादा हातभर तुकडा न खरवडता राखता येतो. आणि प्रेक्षकांपुढील फलकावर विमानाची सर्व आयुष्ये क्रमाने लिहिता येतात. दुसऱ्या विमानाचे नाव रंगवावयाचेच असेल, तर फलकावरील ओळ ही त्याची तारा होय.

६. उडविणे आणि राखणे

राहिला प्रश्न उडविण्याचा. उडणारे विमान पाहणाऱ्यास जे देते ते उभे विमान देत नाही, हे खरे आहे. २०१२ च्या वायुसेनादिनी हिंडन येथे जीर्णोद्धारित टायगर मॉथ उडाले तेव्हा त्याचा प्रत्यय आला. परंतु या मार्गाची किंमतही ठाऊक असली पाहिजे. २ ऑक्टोबर २०१९ रोजी कॉलिंग्ज प्रतिष्ठानाचेच बी-१७ जातीचे विमान कनेक्टिकट राज्यात प्रवाशांसह कोसळले आणि सात जण मृत्यू पावले. चौकशीत वैमानिकाच्या हाताळणीबरोबरच अपुऱ्या देखभालीचाही उल्लेख झाला. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी डॅलस येथील प्रात्यक्षिकात दोन जुनी लढाऊ विमाने एकमेकांवर आदळून सहा जण दगावले.

या दुर्घटनांत माणसे गेली, ही हानी सर्वांत मोठी. तिच्यापुढे वस्तूची हानी गौण होय. तथापि दोहोंचा निष्कर्ष एकच निघतो. उडणारे विमान हे दुरुस्तीच्या नियमाखाली येते, जतनाच्या नव्हे. संशय आलेला प्रत्येक भाग बदलणे हे तेथे कर्तव्यच ठरते. जुन्या भागाच्या मोहाने तो ठेवला तर प्राण धोक्यात येतात, आणि बदलला तर पुरावा जातो. म्हणून ज्या जातीची अनेक विमाने शिल्लक आहेत तेथे एखादे उडवावे. जेथे विशिष्ट इतिहासाची एकच प्रत उरली आहे तेथे ती जमिनीवरच राखावी, हाच विवेकाचा मार्ग दिसतो. भारतीय चिन्हांसह उभ्या असलेल्या पालमच्या प्रतीचे मोल या दृष्टीने विशेष आहे.

७. उपसंहार

लिबरेटरांच्या उदाहरणावरून असे दिसते की ‘मूळ’ ही वस्तूत आयती सापडणारी गोष्ट नसून संपादकाने केलेली निवड असते. त्या निवडीत कोणाचे श्रम दिसावेत आणि कोणाचे झाकले जावेत हे ठरत असते. म्हणून ती निवड उघड असली पाहिजे.

विदर्भातील विद्यार्थ्यांस या विषयात प्रत्यक्ष कार्य करण्यासारखे आहे. वायुसेनेच्या देखभाल विभागाचे मुख्यालय नागपुरास, म्हणजे वर्ध्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे, आणि विमानांची उस्तवारी करण्यात आयुष्य घालविलेली निवृत्त माणसे या परिसरात शोधल्यास आढळतील. १९६८ पूर्वी लिबरेटरवर हात फिरविलेला सर्वांत तरुण तंत्रज्ञ आज पंचाहत्तरीच्या पुढे असणार. हत्यारांची, बिघाडांची, आवाजावरून इंजिनाचा दोष ओळखण्याची त्यांची बोली कोणत्याही पुस्तिकेत छापलेली नाही. पत्रा खरवडला तर निदान सांगाडा उरतो; ही बोली गेली तर तिच्यापुढे तारा घालण्यापुरताही आधार राहणार नाही. ती टिपून घेणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे, आणि ते करण्यास अवधी थोडा आहे.